उंबऱ्यावर राहिलेलं बोलणं

आई,

तुझा भाऊ गेला. तुमची भेट झाली असेल तर हे तुला माझ्याआधी कळलं असेल. झाली नसेल, तर त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "मामांनी तारण स्वीकारलं का?" तेव्हाही सांगता आलं नाही. म्हटलं, "मी सांगितलं, त्यांनी ऐकलं. पुढचं मला ठाऊक नाही." त्यांना ते उत्तर अपुरं वाटलं असावं. मलाही वाटतं. पण मी फार थकले आहे गं, आणि थकल्यावर माणसाला आहे त्याहून जास्तीचं बोलवत नाही.

निवृत्ती जवळ आली आहे. इतकी वर्षं वणीच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेली: कोळशाच्या ट्रकखाली सापडलेली माणसं, फवारणी करता करता विष चढलेली माणसं, बाळंतिणी, पुन्हा बाळंतिणी. त्या दिवशी रात्रपाळी उतरून बाहेर आले तर गेटजवळ मामाचा मोठा मुलगा गाडी लावून उभा. लग्नाकार्याला कधी बोलावलं नाही त्यांनी मला, तरी चेहरा ओळखीचा होता, कारण तो तुझा होता. म्हणाला, "ताई, बाबानं बलावलं. पाय लय खराब झाला. दवाखान्यात याले तयार नाही. म्हंते, बहिणीच्या पोरीले आना." मी घरी जाऊन झोपणार होते. पर्समधली पोळी त्याच्यासमोरच उभ्याने खाल्ली आणि मागे बसले. मुकुटबनच्या अलीकडे त्याने गाडी हळू केली आणि मान न वळवता म्हणाला, "एक सांगू का ताई, राग नका मानू. तिथं प्रार्थना-बिर्थना करू नका. गावात लोकं काहीबाही बोलतीन." मी म्हटलं, "मी पाय पाहायले येऊन राह्यली बाबू." ते खरंच होतं. तुझ्यासारखी पिशवीत शुभवर्तमान घेऊन दारोदार फिरणारी मी कधीच नव्हते. तू पोरींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायचीस, चुलीपुढून उठायचीस आणि संध्याकाळी बायकांच्या ओट्यावर जाऊन बसायचीस. मी ड्युटीवरून येते आणि पंख्याखाली पडते.

गावात शिरताना ते लिंबाचं झाड दिसलं. आता त्याच्याभोवती सिमेंटचा पार बांधला आहे. मी तिसरी-चौथीत असेन. आजी गेल्याचा निरोप कुणीतरी बाजारात दिला आणि तू कणीक तशीच टाकून निघालीस. एसटीतून उतरून कापसाच्या वावरांमधून आपण चालतो आहोत, तू इतकी भरभर की मी मागे पडते आहे. दारात मामा उभा. "तू बाटली," तो म्हणतो. "आता तुहा आमचा संबंध नाही." तू फक्त एवढंच म्हणतेस, "भाऊ, मायचं तोंड पाहू दे. मंग जातो मी." तो आडवा हात काढत नाही. मग आपण त्या लिंबाखाली उभ्या. तिरडी रस्त्याने गेली तेव्हा माणसांच्या खांद्यांमधून आजीचं लुगडं दिसलं, तोंड नाही. सगळं आटोपल्यावर तू पुन्हा त्या उंबऱ्यापाशी गेलीस. मला वाटलं, आता शिव्याशाप देशील. तू म्हणालीस, "भाऊ, तुह्यासाठीच एक गोष्ट सांगतो, आयकून घे." त्याने दार लावून घेतलं. परतताना एसटीत मी विचारलं, काय सांगणार होतीस? तू खिडकीबाहेर पाहत राहिलीस.

आता तेच दार ओलांडून मी आत गेले. वासावरूनच कळलं. फडकं उचलण्याआधी मला पाय दिसला होता म्हण. शुगरने सडलेला, घोट्याच्या वरपर्यंत काळा. मामा इतका बारीक झाला होता की लोखंडी पलंगावर नुसती गोधडी पडली आहे असं वाटावं. मामी दारापाशी तुरीची डाळ निवडत बसली होती. मी जखम धुतली, पट्टी बांधली. तो माझ्या हाताकडे बघत होता.

"खरं सांग. सारे म्हंतात, होईन बरा. तू सांग."

"नाही होनार मामा. कापा लागन. कापूनही काय होईन, ते मी सांगू शकत नाही. उशीर झाला."

मामीचा हात सुपात थांबला. मामाने मात्र मान हलवली, जणू कुणीतरी एकदाचं त्याच्या मनातलं बोललं. मग म्हणाला, "तुही आई त्या दिवशी काहीतरी सांगून राह्यलती. मी दार लावलं. काय सांगत होती ते?"

मी उरलेली पट्टी गुंडाळत राहिले. त्याला वाटलं मला आठवत नाही. "माय मेली तवा," तो म्हणाला. "म्या तिले मायचं तोंड पाहू देल्लं नाही. लहानपनी मले कडेवर घेऊन फिरे तुही आई. आन म्या तिले उंबऱ्यात नाही येऊ देल्लं." आणि तो रडायला लागला. म्हातारी माणसं रडतात तसा, आवाज नाही, फक्त तोंड वाकडं.

माझ्या जिभेवर आलंच होतं: जाऊ द्या मामा, झालं गेलं. दवाखान्यात दिवसभर आम्ही तेच म्हणतो. पण मला तुझं स्वयंपाकघर आठवलं. वसतिगृहातल्या एका पोरीने डब्यातला गूळ चोरला होता. तू तिला विचारत होतीस, ती नाही नाही म्हणत होती, आणि मी मध्येच म्हटलं, जाऊ दे ना आई, लहान आहे ती. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी पाणी भरायला निघून गेले. नंतर भांडी घासताना म्हणालीस, "जाऊ दे म्हननं म्हंजे माया नाही होय पोरी. तो कंटाळा होय. तिचं तिले उचलू द्या लागते, आन उचलतानी तिच्याजवळ बसा लागते." त्या संध्याकाळी ती पोरगी तुझ्या मांडीपाशी बसून खरं बोलली, आणि तू तिची वेणी घालत ऐकत होतीस.

म्हणून मी मामाच्या पलंगावर बसले आणि म्हटलं, "हो मामा. वाईट केलं तुमी. लय वाईट केलं."

मामी म्हणाली, "अवो, बिमार मानसाले असं बोलते का कोनी!" मामाने हाताने तिला गप्प केलं. "बोलू दे तिले. आतापावतर कोनी बोललंच नाही."

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते तुला आवडलं असतं की नाही, कोण जाणे. मी काही नीट शिकलेली नाही. म्हटलं, आई ओट्याओट्यावर सांगायची तेच तुम्हालाही सांगणार असणार, की देवापुढे आपण सगळेच गुन्हेगार आहोत, तुम्ही एकटे नाही, तीही होती, मीही आहे. आपलं आपल्याला फेडता येत नाही. नवसाने नाही, दानधर्माने नाही. ते येशूने आपल्या अंगावर घेतलं, वधस्तंभावर. माणसाने फक्त लपवणं सोडायचं, आपलं आहे ते आपलं म्हणायचं आणि वळायचं. जो वळून येतो त्याला तो हाकलत नाही. "तुम्हाले दारात उभं ठेवनार नाही तो," असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि मग मला वाईट वाटलं, कारण ते टोचलं असणार.

"यानं पाय वाचन?"

"नाही."

"मंग कायले?"

"पायासाठी नाही मामा. तुमच्यासाठी."

त्याने कोपरावर जोर देऊन मान वर केली. मग: "आन म्या जिंदगीभर ज्यायले हात जोडले, त्यायचं काय?" हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि तो येऊ नये असं मला वाटत होतं. दारात मुलगा येऊन उभा राहिला होता, त्याने सगळं ऐकलं होतं. गोड काहीतरी बोलून सुटता आलं असतं. म्हटलं, "आईनं एकालेच हात जोडले, दुसऱ्या कोनाले नाही. मीही तसंच मानतो. ते तुमच्यापासून लपवत नाही. पन मी तुमच्याकडून काही वदवून घ्याले आली नाही. तुमी इचारलं, म्या सांगतलं."

मुलगा म्हणाला, "ताई, पुरे." मामाने त्यालाच जवळ बोलावलं. मामीलाही. आणि त्या दोघांसमोर, अडखळत, त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं: दार, हात, लिंबाचं झाड. मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला लहानपणापासून सांगितलं होतं, की आत्या मयतीला आलीच नाही. तो खाली मान घालून ऐकत होता. सगळं सांगून झाल्यावर मामाने डोळे मिटले आणि ओठ हलवले. काय म्हणाला ते मी ऐकलं नाही, आणि विचारलंही नाही.

पुढे महिनाभरही तो राहिला नाही. पाय कापू दिला नाही. मामीचा फोन यायचा. म्हणाली, "तू गेल्यावर भाकर मांगतली, ठेच्यासंगं खाल्ली. किती दिवसाचं तोंडाले काही लागत नोतं." मुलगा मात्र एकदा म्हणाला, "ताई, तुमी बाबाले रडवलं." मी हो म्हटलं. सगळं त्यांच्या रीतीने झालं. मी मागे बायकांत उभी होते. कुणी मला जा म्हणालं नाही, कुणी ये असंही म्हणालं नाही.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली नाही, मी टाळली. मी निघताना मामाने माझा हात धरला. "तुह्या आईले त आता इचारता येत नाही. तू त माफ केलं ना मले?" बाहेर मुलाने गाडी सुरू केली होती, अंग आंबून गेलं होतं, मला घरी जाऊन पडायचं होतं. मी म्हटलं, "केलं मामा." त्याचं समाधान झालं. संबंध दुपार मी त्या माणसाशी खरं बोलले, आई, आणि शेवटचं तेवढं खोटं बोलले. तू तोंडात पदर कोंबून त्या झाडाखाली उभी आहेस, ते माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. रविवारी सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणताना ऋण्यांना, म्हणजे आपले अपराध करणाऱ्यांना, सोडण्याची ओळ येते, तिथे मी ओठ हलवते, आवाज काढत नाही. शेजारच्या बाईच्या ते लक्षात आलेलं नाही.