तीस टक्के राखीव

६ जानेवारी
साहेबांनी आज बॅटरीतले आणखी वीस ग्रॅम मागितले. मागितले म्हणजे – कापा म्हणाले! परक्या ग्रहावर उडवायचं यंत्र आमचं, कबुतराएवढं, आणि तिथली रात्र उणे ऐंशीची. दिवसभर उन्हातून जमवलेल्या विजेतला मोठा वाटा रात्री बॅटरीला स्वतःला ऊब द्यायलाच जातो. उरलेल्यात जेमतेम दीड मिनिट उडायचं. शिवाय तीस टक्के राखीव, हातच लावायचा नाही. हा नियम माझा. त्यावरून साहेबांशी दोनदा वाजलंय.

घरी बाबांना सांगितलं. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, लगेच कळलं. म्हणाले, “म्हणजे कमावतं ते सगळं पांघरुणात घालवतं. माझ्यासारखंच की!”

११ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, जिने नकोत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चौपन्न पायऱ्या. मी बाबांचा दिवस कागदावर आखून दिला – आंघोळ, जेवण, गॅलरीपर्यंत दोन फेऱ्या, बाकी पडून राहायचं. झालं की पुढे खूण करायची. आई म्हणाली, माझ्या नवऱ्याचं यंत्र केलंस. मी चिडले. कुणीतरी कठोर व्हायला नको का?

१७ जानेवारी
बाबांना चाचणी बघायचीय. मोठ्या टाकीतली हवा काढायची, कडाक्याची थंडी करायची आणि आत यंत्र उडवायचं. पुढच्या गुरुवारी आहे. पाहुण्यांसाठी पास लागतो, त्याचा अर्ज तीन दिवस आधी द्यायचा. “एकदाच. काचेतून बघेन आणि गप्प बसेन,” म्हणाले. बघू म्हटलं.

२१ जानेवारी
अर्ज दिला नाही. बाबांना सांगितलं, पास नाकारला. त्यांनी नुसती मान हलवली. कोरा अर्ज माझ्या पिशवीत आहे. त्यांच्या भल्यासाठीच केलं.

२४ जानेवारी
चाळीस सेकंद! चाळीस सेकंद उडालं आणि धपकन खाली. टाकीबाहेर कुणी कुणाकडे बघेना.

सकाळी निघताना बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. कुठे निघालात, म्हणून चिडवलं. म्हणाले, उड्डाणाचा दिवस ना, म्हणून. आई दिवसभर मावशीकडे होती. संध्याकाळी आले तर ते अंथरुणात, शर्ट तोच.

“उडालं का?”

मस्त उडालं, म्हटलं. “वा,” म्हणाले आणि भिंतीकडे वळले. पाय गार पडले होते. मी बराच वेळ चोळत बसले.

२८ जानेवारी
पडलेल्या यंत्रातली बॅटरी काढली, ऊब दिली, मोजली. साठ टक्के वीज शिल्लक! थंडीत व्होल्टेज खाली गेलं, माझ्या नियमाला वाटलं बॅटरी संपत आली, आणि त्याने मोटरी बंद केल्या. संपली नव्हती. गारठली होती.

२ फेब्रुवारी
बाबा गेले. सकाळी, चहाच्या आधी.

१३ फेब्रुवारी
आईबरोबर त्यांचं कपाट आवरलं. मी आखून दिलेला कागद मिळाला. रोज बरोबरच्या खुणा, शाळेतल्या मुलासारख्या. चोवीस तारखेच्या रकान्यात एकही नाही. आईला विचारलं, तिला माहीत नाही. माझ्या कागदाला कंटाळले असतील. मला इतकं रडू आलं की आईलाच मला सावरावं लागलं.

१५ फेब्रुवारी
कामावर गेले. राखीव तिसावरून दहावर आणलं. आता व्होल्टेज पडलं की आधी बॅटरीचं तापमान बघायचं, मगच मोटरी बंद. साहेब म्हणाले, घाई नाही. मला आहे.

१६ फेब्रुवारी
फाटकावरच्या पहारेकऱ्याने थांबवलं. वडिलांचं कळलं, म्हणाला. मग जरा घुटमळला. “त्या चाचणीच्या दिवशी आले होते ते. यादीत नाव नव्हतं. अर्ज शोधला, तर अर्जच आला नव्हता. तुम्हाला फोन लावत होतो, तर नको म्हणाले. ती माझी फार काळजी करते, म्हणाले.”

बाबा तासभर बाकावर बसले होते. टाकीची इमारत कुठली, तेवढं त्यांनी त्याला विचारलं.

चौपन्न उतरून. चौपन्न चढून.

आणि मला विचारलं, उडालं का.