वाणात दिलेली काळी सुगडं

मावशी, पहिल्याच दिवशी मी तुम्हाला मावशी म्हटलं. तुमच्या मुलीनं त्याचा अर्थ सांगितल्यावर तुम्ही मान डोलावलीत आणि तेवढ्यावर आपलं नातं ठरलं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. इथे अमेरिकेत, अर्विंगला आमच्या शेजारी मुलीकडे तुम्ही हिवाळाभर राहायला आला होतात, मेक्सिकोतल्या तुमच्या गावची माती पोत्यात भरून. तुमच्याकडे चाक नव्हतं. पालथ्या बशीवर दुसरी बशी, तीत मातीचा गोळा. एका हातानं बशी फिरवायची आणि दुसऱ्यानं मडकं वर चढवायचं. स्वयंपाक उरकला की मी कुंपणापाशी येऊन बघत उभी राहायचे. मी मराठीत बोलायचे, तुम्ही स्पॅनिशमध्ये. अडलं की तुमची मुलगी इंग्लिशमधून जोडून द्यायची.

त्या वर्षी मी तुमच्याकडे पाच सुगडं मागितली. संक्रांतीला लहान मडक्यांत गाजर, ऊस, हरभरे, तिळगूळ भरून बायकांना वाण देतात, हे मी ओंजळीनं आकार दाखवत सांगितलं. इथे मी दरवर्षी स्टीलच्या वाट्यांवर भागवत होते. तुम्ही विचारलंत, "देऊन टाकायची? परत नाही मागायची?" मी म्हटलं, नाही. तुम्हाला ते आवडलेलं दिसलं. तुम्ही ती गोट्यानं घासलीत, अंगणातल्या खड्ड्यात भाजलीत आणि वरून माती टाकून धूर कोंडलात. काळीभोर, चकचकीत निघाली.

दुसऱ्या दिवशी म्युझियमची बाई आली. तुमचं पहिलं प्रदर्शन भरणार होतं, मोठ्या घागरी तिनं आधीच निवडल्या होत्या. पायरीवरची सुगडं बघून ती खालीच बसली. तिला ती हवी होती, तळाशी तुमचं नाव कोरून. पोतं रिकामं झालं होतं, दुसरी होणार नव्हती. मी पटकन म्हटलं, "त्यांना द्या मावशी, माझ्याकडे वाट्या आहेत." मुलगी म्हणाली, "आई, फोटो छापणार आहेत." तुम्ही हात पुसत राहिलात. "घागरीचा छापा म्हणावं. ही दिलेली आहेत." मग माझ्याकडे वळून, "आणि तू गं, मागायचं आणि मग नको म्हणायचं, हे कुणी शिकवलं तुला?"

हळदीकुंकवाला एक काकू म्हणाल्या, "अगं, काळी कशी?" दुसऱ्या म्हणाल्या, "साडी काळी चालते आज, मग मडक्यानं काय घोडं मारलंय?" सगळ्या हसल्या. पाचही सुगडं पाच गाड्यांमधून गेली.

प्रदर्शनात तुम्ही नवे बूट घालून उभ्या होतात. लोक येऊन तुमचा हात हातात घेत होते. घागरी काचेआड होत्या आणि प्रत्येकीखाली तुमचं नाव होतं. मी लांबूनच बघितलं. हिवाळा सरल्यावर तुम्ही गावी गेलात आणि पुढच्या वर्षी तिकडेच वारलात. मुलगी कुंपणापाशी येऊन सांगून गेली तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. उरलेले कपडे मी वाळत घातले. त्यानंतरही मला रडू असं आलं नाही.

आता तुमचं नाव पुस्तकांत आहे. गेल्या महिन्यात तुमच्या मुलीचा फोन आला. म्युझियम पुन्हा तुमची भांडी गोळा करतंय, आणि त्यांना ती लहान हवी आहेत. "तू कुणाकुणाला दिलीस, आठवतं?" मला आठवतं. एक फ्रीमाँटला आहे, त्यात मीठ असतं. एक ओहायोत डब्लिनला गेलं. इथल्या एकीनं तिच्या सुगडात कोथिंबीर लावली होती. उरलेल्या दोघींशीही दिवाळीला बोलणं होतं. मागितली तर कुणी नाही म्हणणार नाही, उलट आनंदानं पाठवतील, कागदात नीट गुंडाळून.

हे पत्र तुमच्या मुलीला दाखवायचं तर, तिला मराठी येत नाही, मलाच वाचून सांगावं लागेल, म्हणून ते माझ्याकडेच राहील. मी विचारून बघते म्हणाले होते. अजून एकीलाही विचारलेलं नाही. मुलीला मात्र सांगितलंय की कुणी फोन उचलत नाही.