घरात कसं वाटतं?

धरमपेठ, नागपूर
१४ मे १९७२

ती. सौ. यमुताईस मनोहरचा शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी पूजा आटोपून मी जरीपटक्यापुढच्या कामगार-वसाहतीत गेलो. वीज फारशी न जाळता घर कसे सुसह्य राहील, हे शोधणे माझी नोकरी, हे तू जाणतेसच. गेल्या उन्हाळ्यात याच वसाहतीत मी घरोघर हिंडलो होतो. घरात कसं वाटतं, असे विचारून उत्तरे वहीत उतरवली होती. एकशेचाळीस घरांपैकी एकशेबारा घरांनी बरं आहे म्हणून सांगितले. त्यावरून मी अहवाल लिहिला की साडेआठ फुटांवरचे सिमेंटचे छत चालण्यासारखे आहे. आता तशीच आणखी चारशे घरे बांधायची आहेत.

मंगळवारी रंभाबाई नावाच्या बाईंच्या खोलीत तापमापक टांगले. अकरा वाजता पारा एक्केचाळीसवर. मी पुन्हा तेच विचारले. पदर सावरत त्या म्हणाल्या की बरं हाय जी, बसा, चहा मांडते. बाहेर आलो तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

संचालकांच्या कानावर घातले, तर ते हसून म्हणाले की राहणाऱ्यांना उकडत नाही, मग तुम्हालाच एवढे का उकडते? एक जूनला अहवाल मंजूर होईल आणि त्याच्यामागून माझी बढतीही. पण ताई, मी थकलो आहे. यंत्र खोटे बोलत नाही, आणि ती बाईही खोटे बोलणारी वाटत नाही. जपाला बसलो तरी मनात आकडेच फिरतात.

भाऊजींचा खोकला कसा आहे? विहिरीला पाणी आहे ना? वडीलकीचा हात डोक्यावर असू दे.

तुझा
मनोहर


कुही
१९ मे १९७२

चि. मनोहरास यमुताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. यांचा खोकला बसला होता, पण हसता हसता पुन्हा उसळला. एवढा शिकला, अन् एवढंही समजत नाही काहून गा तुले?

दिवाळीत आला होता तेव्हा तुले कोठीच्या खोलीत निजवलं. तिथं उंदरांचा काय धुमाकूळ असतो ते मले माहीत हाय. सकाळी झोप झाली का म्हणून पुसलं, तर तू म्हणाला मस्त झाली. डोळे तर लाल होते. मग खोटा झाला का तू? नाही. बहिणीच्या घराले नाव कसं ठेवावं, एवढंच तुझ्या मनात.

आता ती रंभाबाई पाह्य. दारात सरकारी साहेब उभा, हातात वही. आलेल्या माणसापुढं आपल्याच घराले कोणती बाई नाव ठेवन? अन् वरून भेव, साहेबानं म्हटलं की पटत नसन तर खोली खाली करा, तर जावं कुठं? ती बरं हायच म्हणन, अन् चहा मांडन.

घर कसं हाय ते बाईले पुसू नको. दुपारी पाळणा कुठं बांधते ते पूस. पोळ्या कुठं बसून करते, म्हातारं माणूस कुठं निजवते ते पूस. अन् वही घरी ठेवून जा. बढतीचं मी काही सांगत नाही, तुझं तुले समजते. पन्नाशी आली, डोक्याले तेल तरी लावत जा.

तुझ्यावर माया हाय, रागावली तरी ती कमी होत नाही.

यमुताई


धरमपेठ, नागपूर
३० मे १९७२

ती. सौ. यमुताईस शि. सा. न. वि. वि.

वही घरी ठेवून गेलो. पाळणा कुठे बांधता, असे विचारल्यावर रंभाबाई हसल्या. म्हणाल्या की आता कामाचं पुसलं जी. मग मला मागे घेऊन गेल्या. पाळणा कडुनिंबाला, चूल भिंतीच्या सावलीत. दहापासून दिवस मावळेपर्यंत सारी वसाहत बाहेर असते. शेजारीण म्हणाली की दुपारी आमच्या घरात फक्त पेटी राहते.

रंभाबाईंची सासू मात्र आतच, पडद्यामागे असते; त्या मंगळवारी ती मला दिसलीही नव्हती. तिला उठता येत नाही, आणि खाट दारातून निघत नाही. रंभाबाई दुपारी तीन वेळा लुगडं भिजवून तिच्या अंगावर घालतात. गेल्या वर्षीच्या वहीत त्या म्हातारीच्या नावापुढेही बरं आहे, असेच लिहिले आहे. अक्षर माझे आहे.

संचालकांना हे सांगितले. ते म्हणाले की चारशे घरांचे ठरले आहे, आता स्वतःलाच खोटे पाडून घेणार का? बढतीची आशा मग सोडा. शेजारच्या टेबलावरचे कृष्णकांत भले गृहस्थ. ते म्हणाले की शेवटच्या पानाखाली बारीक अक्षरात टीप द्या, कोणी वाचत नाही, आणि तुमच्याही मनाला बोच राहणार नाही. दोन दिवस ती टीप मी मनातल्या मनात लिहीत होतो. पण देवापुढे दिवा लावायला बसलो की ती भिजलेली म्हातारी दिसते, आणि हात जोडायचीही लाज वाटते.

भाऊजींस नमस्कार. डोक्याला तेल लावले आहे. आजवर सांभाळून घेतलेस, यापुढेही घे.

तुझा
मनोहर

ता. क. पत्र कालच लिहून झाले होते, पण काम झाल्यावाचून टाकू नये असे वाटले. आज ३१ तारीख. सकाळी कचेरी उघडताच अहवाल मागून घेतला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिले की यातला निष्कर्ष चुकीचा आहे, चूक विचारणाऱ्याची आहे, सांगणाऱ्यांची नाही. या छताची घरे बांधू नयेत. खाली पूर्ण नाव घालून सही केली, आवक-जावक टेबलावर नोंद करवली, आणि शिक्का उमटेपर्यंत तिथेच उभा राहिलो.