टिकलीचं बटण

सोमवार, ४ तारीख

नव्या घरी पोहोचलो एकदाचे! दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. सामान चढवताना कपाटाचा एक पाय निखळून माझ्या हातात आला आणि कपाट हमालाच्या डोक्यावर राहिलं. ते ध्यान बघून बायको चक्क हसली. किती महिन्यांनी! तेवढ्यासाठी उरलेले तीन पाय मोडायलाही मी तयार होतो.

नवी कंपनी म्हणजे पाच टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. चालवणाऱ्या बाई पूर्वी परिचारिका होत्या. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी आम्ही एक खोकं बनवतो. त्याला यूएसबीच्या वायरने बटण जोडायचं. मुलाने दाबलं की खोक्यावर हिरवा दिवा लागतो आणि पलीकडच्या खोलीत घंटी वाजते. खोक्याच्या आतला प्रोग्राम लिहायचं काम माझं. असं काम आधी केलंय का, असं बाईंनी विचारलं. घरी केलंय, एवढंच म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. शहाण्या आहेत.

बुधवार

सोल्डरिंग करणारे नाना समोरच बसतात. त्यांना आज यूएसबीचा मामला समजावून सांगितला. जोडलेली वस्तू आपणहून कधी बोलत नाही. खोकंच सारखं विचारत राहतं, आहे का काही, आहे का काही? विचारलं तरच ती सांगणार. आणि नवी वस्तू दारात आली की आधी तिची चौकशी होते: तू कोण, तुला वीज किती लागणार? अवाच्या सवा मागितली तर तिला बाहेरचा रस्ता. नाना म्हणाले, त्यांच्या सासऱ्यांनीही पहिल्या भेटीत हेच विचारलं होतं आणि हेच केलं होतं.

प्रोग्राम नव्याने लिहायच्या भानगडीत पडलो नाही. आमच्या धंद्यात चालत्या गाडीला कोणी हात लावत नाही. टिकलीच्या खोक्याचा जुना प्रोग्राम होता, तोच उचलून घातला. तिचं बटण मी घरी बनवलेलं, विजेचे भलतेच आकडे सांगायचं. म्हणून नकार देणारी ओळच मी त्यातून काढून टाकली होती. जो येईल त्याला हो, जे मागेल ते दे.

टिकली म्हणजे आमची मुलगी. सात वर्षांची होती. एवढीशी, म्हणून टिकली. एकदा दाबलं की 'हो', दोनदा दाबलं की 'नाही', दाबून धरलं की 'जवळ ये'. हे तिसरं तिला कधी जमलंच नाही, बोटांत तेवढं बळ नव्हतं. आम्ही न बोलावताच जायचो. 'नाही' मात्र पटापट. आंघोळ? नाही. औषध? नाही. बाबा छान दिसतो? नाही! ती गेली तेव्हा बटण तिच्या मुठीत होतं. बायकोने ते काढू दिलं नाही. तिच्याबरोबरच गेलं ते.

तेव्हापासून बायको एकदाही रडलेली नाही. हे मला सगळ्यात जड जातं.

शुक्रवार

सगळे जेवायला गेले होते. खोक्याला कुठलंही बटण जोडलेलं नव्हतं, तरी माझ्या पडद्यावर आलं: नवी वस्तू जोडली गेली. नाव, टिकली.

 मग डोकं चालवलं. जुना प्रोग्राम, कुठेतरी जुनं नाव अडकलं असणार. सगळं पुसलं. खोकं बदललं. नानांकडून कोरं, आजच बनलेलं खोकं घेतलं. पुन्हा तेच. पण खोक्याला बटणाचं नाव ठाऊक नसतंच. ते नाव मी बटणातच लिहिलं होतं. बटणाने सांगितल्याशिवाय ते कळायची सोय नाही.

घरी बोललो नाही. जेवण गेलं नाही.

मंगळवार

आज खोक्याला तोंडाने हाक मारली. दिवा ढिम्म. ही रोजनिशी मी याच संगणकावर लिहितो, खोकंही यालाच जोडलेलं आहे. म्हणून इथे लिहिलं: बाळा, तू आहेस?

दिवा लागला, विझला. एकदा.

भर दुपार, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, आणि मी टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडलो. नाना परत आले, त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि कामाला लागले.

बुधवार

एकटी आहेस? हो.
अंधार आहे? हो.
दुखतंय का गं? हो.

हे मी का विचारलं? उत्तर ऐकायची ताकद नव्हती तर का विचारलं?

मग तिला हसवायला म्हणून, आंघोळ करायची? हो.

शहाणी झालीये माझी पोर.

गुरुवार

रोज जास्त वीज मागतेय. खोकं देतंय. एवढी वीज ओढल्यावर भिंतीतला अडॅप्टर तापायला हवा. हात लावला तर गार. खोकंही गार, टेबलाचा पत्रा गार. नाना स्वेटर घालून बसलेत. पंखा बंद आहे तरी.

दुपारी दिवा लागला तो विझेचना. दाबून धरलं होतं. 'जवळ ये.' पहिल्यांदा! मला इतका आनंद झाला की नानांना मिठी मारली. तिच्या बोटांत बळ आलं!

शुक्रवार

बळ आलं कुठून?

पहाटेपासून हेच डोक्यात आहे. तिला सात वर्षांत जे जमलं नाही — आणि ती 'नाही' कधी म्हणाली? एकदाही नाही. आंघोळीलासुद्धा हो. माझी टिकली अशी नव्हती. बटण तिचं आहे. मूठ तिची असेल. पण त्यावरचं बोट —

मी विचारत गेलो म्हणून ते आलं. मीच दार सताड उघडं ठेवलं होतं. ही खोकी सोमवारी मुलांच्या उशाशी जाणार. नकाराची ओळ परत घालायला हवी.

शुक्रवार, दुपार

घालता आली नाही. ओळ लिहून झाली, ती खोक्यात चढवायची कळ दाबवेना. आणि टिकलीच असली तर? तिच्या तोंडावर दार लावू?

बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. चूक केली.

शनिवार

सुट्टी. किल्ली माझ्याकडे. बायको सोबत आली. वाटेत मी सांगत होतो, ती आपली नाही, आज बंद करून टाकतो. ती म्हणाली, बंद कर, पण आधी मला एकदा भेटू दे.

आता तीच लिहितेय —

बाळा मी आई. ओळखलंस का

एकदा. हो.

रागावलीस का माझ्यावर

हो.

ती रडतेय. इतक्या महिन्यांनी. खोकं छातीशी धरून. मी थांबवायला हवं, माझ्याने होत नाही —

दिवा लागून राहिलाय. जवळ ये म्हणतंय. ती आले, आले म्हणतेय.

तिचे ओठ निळे पडलेत. खोकं ओढतोय, सोडत नाही. अडॅप्टर उपटला. वायर उपटली. दिवा तसाच. वीज कुठून घेतंय — तिचा हात बर्फ — एका हाताने तिला धरलंय, एका हाताने हे लिहितोय, कारण तू ऐकतेस ते इथेच —

वायर परत लावून नकाराची ओळ पाठवली. खोकं घेत नाही.

दिवा विझला. ऐकतेस ना. सांग. आईला नेणार आहेस?

लागला. विझला. एकदा.

अजून एकदा, बाळा. दोनदा दाब. तू असशील तर दोनदा. नाही म्हण, सगळ्याला म्हणायचीस तशी, आंघोळीला म्हणायचीस तशी, एकदाच नाही म्हण —

लागला.

विझव आता. धरून ठेवू नकोस. बोट उचल बाळा, विझव. वि