इतरांनी हात लावू नये

सोम., ३ फेब्रु.
आज आरएनएच्या बेंचवर कागद लागला. लॅमिनेट केलेला, चारही कोपरे टेपने पक्के. "आरएनए बेंच. फक्त संशोधकांसाठी. इतरांनी हात लावू नये." लॅबमध्ये आम्ही सहा जण. सर, निखिल, पीएच.डी.ची तीन मुलं आणि मी, लॅब असिस्टंट. तेव्हा इतर कोण ते विचारायला नको. एकटीसाठी एवढा खर्च केला म्हणायचा.

कारण काय, तर त्या तिघांतल्या प्रणालीचा आरएनए तीन आठवडे तुटतोय. पोरगी संत्र्याच्या पानांतून आरएनए काढते, जेलवर चालवते, आणि ठळक पट्टे दिसायला हवेत तिथे नुसता फराटा. निखिल, म्हणजे सरांचा उजवा हात, मीटिंगमध्ये म्हणाला म्हणे की कोणाचा तरी उघडा हात लागतोय. मला मीटिंगला बोलावत नाहीत. मी तेव्हा त्यांच्याच काचा, बीकर-बाटल्या, धूत होते.

मंगळ., ४ फेब्रु.
राग उतरला नाही.
एकोणीस वर्षं ह्या बेंचच्या बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये भाजतेय. बेंचचं पाणीही मीच बनवते. औषध टाकायचं, रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने तापवायचं. साध्या पाण्यात आरएनए टिकत नाही. माणसाच्या बोटांवर आरएनए खाणारं एन्झाइम असतं हे मला कोणी शिकवायला नको, बी.एस्सी. आहे मी. नवीन पोरांना पहिल्या दिवशी ग्लोव्ह घालायला मीच सांगते. आणि नि. ग्लोव्ह घालून मोबाइल चाळतो, त्याच हाताने पिपेट उचलतो. कितीदा टोकलं. हसतो.

आज तो पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन गेला. बेंचला माझा हात चालत नाही, पाणी मात्र माझ्या हातचं चालतं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

गुरु., ६ फेब्रु.
ह्यांना सांगितलं. हिंगण्याहून पहिली पाळी करून आले होते, जेवत होते. म्हणाले, "सोड ना वं. दोनच वर्सं राह्यले नोकरीचे. काहून डोकं तापवून राह्यली?" पुढची पोळी माझ्याकडून करपली.

कसं सोडू. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली ती हेच ऐकणं बंद व्हावं म्हणून. हात लावू नको, लांब राहा. नि.च्या मनात तसं नसेल. नसेलच, त्याला ओळखते मी. त्याला फक्त चूक दुसऱ्याची हवी असते. पण ही ओळ लिहिताना, छापताना, टेप लावताना एकाचाही हात अडला नाही, ह्याची चीड येते. सरांनीही वाचूनच हो म्हटलं असणार. एवढी शिकलेली माणसं.

बेंचजवळून जाताना आज मीच पदर सावरून गेले. स्वतःचाच राग आला.

शुक्र., ७ फेब्रु.
सरांनी प्र.ला सांगितलं, जुने सॅम्पल सगळे टाकून दे, नवीन पानं आण. कुठून आणणार? काटोलच्या एका बागेत सगळी झाडं रोगाने वाळली, एकच हिरवं राहिलं. ते का वाचलं, हेच तिचं काम. डिसेंबरात बागवाल्याने बाग मोडली, बाकीच्यांबरोबर तेही मुळासकट काढलं. आता ते झाड फक्त तिच्या चाळीस ट्यूबांमध्ये आहे.

पोरगी ऑटोक्लेव्हच्या खोलीत येऊन रडली. म्हणाली, माह्याच हाताले यश नाही ताई. मग ट्यूबांची पिशवी माझ्या हातात दिली. टाकायचं काम माझंच, त्याला हात लावलेला चालतो.

नाही टाकली. उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये, खालच्या खणात, मागे ठेवली. सरांना कळलं तर मेमो देतील. देऊ देत. माझ्या काचा चांगल्या, माझं पाणी चांगलं, मग ट्यूबांमधलं खराब कशावरून? नीट तपासल्याशिवाय मी काही फेकणार नाही.

सोम., १० फेब्रु.
सापडलं.
सकाळी सिंकमध्ये जेल चालवायचे टँक धुवायला आलेले. त्यात लाल टेपवाला, जो फक्त आरएनएसाठी आहे. आत जेल तसंच पडलेलं, वीस खाचांचं. जेलला खाचा पाडणारा वीस दातांचा कंगवा एकटा नि. वापरतो, त्याच्या डीएनएच्या कामाला. त्या कामात आरएनए नकोच असतो, म्हणून तो खाऊन टाकणारं एन्झाइम तो मुद्दाम घालतो. जे एन्झाइम माझ्या बोटावर आहे म्हणून कागद लावला, तेच. ह्याने ते सरळ आरएनएच्या टँकमध्ये ओतलं.

त्याचा स्वतःचा टँक जानेवारीपासून गळतो. दुरुस्तीला पाठवा, असं मी रजिस्टरमध्ये लिहून ठेवलंय. पाठवला नाही. रविवारी कोणी नसतं, लाल टँक ओढला, काम उरकलं. म्हणजे प्र.चा आरएनए ट्यूबमध्ये धड असेल, टँकमध्ये गेला की खलास. आणि झाडाच्या ट्यूबा फेकायला सांगून हे लोक मोकळे.

आधी फोनवर फोटो काढले, मग धुतलं. नुसत्या धुण्याने ते एन्झाइम जात नाही.

मंगळ., ११ फेब्रु.
प्र.ला बाहेर बोलावून सांगितलं. पांढरी पडली. तिचा पेपर नि.च्याच हातात आहे. "मले भेव वाटते ताई. त्यानं मनात ठेवलं तं?"

मी म्हटलं, कोणाचं नावच घेऊ नको. एका ट्यूबमधलं अर्धं लाल टँकमध्ये चालव, अर्धं नव्या टँकमध्ये. नवा खोक्यात आहे, मी काढून देते. ती म्हणाली, ट्यूबा तं गेल्या. तेव्हा फ्रीझरचं सांगितलं. तिने माझा हात धरला, ग्लोव्ह न घालता.

बुध., १२ फेब्रु.
केलं. नव्या टँकमध्ये पट्टे, ठळक, स्वच्छ. लाल टँकमध्ये फराटा. एकाच ट्यूबमधलं.

मी दारात उभी राहून पाहिलं. आत गेले नाही, कागद आहे ना. प्र. दोन्ही फोटो घेऊन थेट सरांकडे गेली, नि.ला न विचारता. पोरगी एवढी धीट असेल असं वाटलं नव्हतं.

शुक्र., १४ फेब्रु.
आज मीटिंगला मलाही बोलावलं. खुर्ची बाहेरून आणावी लागली, मीच आणली.

सर म्हणाले, कोणाला दोष द्यायचा नाही, सिस्टीमची चूक आहे, सगळ्यांनीच काळजी घ्यायला हवी. दोष द्यायला मी होते तेव्हा ही सिस्टीम कुठे गेली होती? नि. म्हणाला, लाल टँक वापरल्याचं आठवत नाही. मी फोन पुढे केला. म्हणाला, असेल एखाद्या वेळी. बस्स, एवढंच. सॅम्पल वाचवल्याबद्दल सरांनी प्र.चं कौतुक केलं. ती म्हणाली, ताईंनी ठेवले म्हणून वाचले. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढच्या विषयाला हात घातला.

मी विचारलं, कागदाचं काय.
सर म्हणाले, "अहो ताई, तुम्हीच काढून टाका ना. त्यात काय एवढं."
"ज्यांनी लावला त्यांनी काढावा," मी म्हटलं. "माझ्यासमोर."
सरांनी घड्याळ पाहिलं.

गुरु., २० फेब्रु.
कागद तिथेच. सोमवारपासून मी पाणी ठेवलं नाही. काचा धुते, कचरा काढते, ऑटोक्लेव्ह लावते. आरएनएचं पाणी नाही.

आज नि. रिकामी बाटली घेऊन आला. "ताई, पाणी नाही बनवलं का?" मी कागदाकडे बोट दाखवलं. म्हणे, तो बेंचपुरता आहे. मी म्हटलं, पाणी मग कुठे वापरता? विकत मागवतो म्हणाला. मागव. खरेदी विभागातून फाइल फिरून येईपर्यंत मी निवृत्त होईन. नाहीतर स्वतः बनव, औषध टाकताना डोळे कसे झोंबतात तेही बघ. हात लांब केला की कागद निघतो, तेवढा हात ह्याचा लांबत नाही. आता मला वाटतं, चुकून लावला असेल तो, पण ठेवलाय मुद्दाम.

सोम., २४ फेब्रु.
सरांच्या सहीचं पत्र. कामात कसूर का केली, तीन दिवसांत लेखी खुलासा. एकोणीस वर्षांत पहिलं पत्र. ह्यांनी घरी वाचलं, म्हणाले, "म्हटलं होतं ना तुले." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "लिह्यजो. पण चांगल्या अक्षरात लिह्यजो."

मंगळ., २५ फेब्रु.
खुलासा दिला. चार ओळी. आरएनएचं पाणी हा आरएनए बेंचच्या कामाचा भाग आहे. त्या कामाला इतरांनी हात लावू नये, अशी लेखी सूचना आहे. मी सूचनेचं पालन करत आहे. सूचना काढल्यास त्याच दिवशी पाणी ठेवीन. आवक खिडकीत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला.

दुपारी प्र. आली. तिच्याकडे एकच बाटली उरली आहे, जेमतेम दोन दिवसांची. त्यानंतर झाडाचं काम थांबणार. म्हणाली, मीच काढून फेकते ना तो कागद. मी म्हटलं, तू नाही लावला, तू नको काढू. ती हो म्हणाली, पण उठली नाही. पाणी ठेवा असं काही म्हणाली नाही, तेच जास्त लागलं. तिच्याकडे बघवत नाही. तरी ठेवणार नाही.