टाकीच्या झाकणाचं भोक

अण्णा,

किंक्रांतीच्या, म्हणजे करीच्या दिवशी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, तुम्ही मला दिलेला शब्द मोडलात. ओसरीवरच्या घड्याळात मी वेळ पाहिली होती. मोगलाईचे, निजामाच्या राज्याचे दिवस. परंड्याच्या आसपास कुणाकडे नव्हता असा डिझेलचा ट्रॅक्टर तुमच्या दारात होता, आणि चार दिवस तो धड चालू राहत नव्हता. विहिरीवरचा पंप त्याच्याच पट्ट्यावर चालायचा. गहू माना टाकत होता. मी नाताळच्या सुट्टीला नन्सच्या शाळेतून घरी आलेली. शाळा उघडून आठवडा झाला तरी तुम्ही मला परत पाठवायचं नाव काढत नव्हता.

संक्रांतीची दुपार. मिस्त्री तिसऱ्यांदा नळीतली हवा काढतायत. नट सैल केला की डिझेल बुडबुडत येतं, गडी हँडल मारतो, इंजिन दहा मिनिटं धडधडतं आणि मरतं. "थंडी लई हाय, मालक," मिस्त्री म्हणतात. ट्रॅक्टरबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्या घरात मी एकटीनंच वाचलं होतं. मी म्हटलं, टाकीच्या झाकणाला हवेचं भोक असतं, ते बघा. सगळे हसले. तुम्ही चारचौघांत म्हणालात, "लई शिकलीस व्हय? दाव चालू करून. उद्या सकाळी तुला शाळेला जायला कुर्डुवाडीच्या गाडीत बशिवतो."

झाकणावर सोनारीच्या भैरोबाचा शेंदूर होता. दसऱ्याला तुम्ही तो तेलात कालवून लावलात आणि मग दर अमावस्येला त्यावर नवा थर. मी केसातला आकडा काढून तो उकरला. भोक मोकळं झालं तशी टाकीनं फुस्सकन हवा ओढून घेतली. गड्यानं हँडल मारलं आणि इंजिन दिवस मावळेपर्यंत थांबलं नाही. शाबासकी राहिली बाजूला, तुम्ही म्हणालात, "देवाचा शेंदूर नखलतीस?" संध्याकाळी तिळगूळ घ्यायला आलेल्यांना मात्र सांगितलंत, मिस्त्रीचा हात लागला म्हणून चाललं.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक घेऊन ओसरीवर उभी राहिले. तुम्ही दात घासत होतात. "आज कर हाय. करीला कुणी घर सोडत न्हाय. उद्या बघू." ट्रॅक्टरला मात्र करीचा दिवस चालला, आठ वाजता तो विहिरीवर गेला. तुमचा 'उद्या' काही आला नाही. फाल्गुनात माझं लग्न लावलंत. शेंदूर तुमच्याच हातचा होता, हे मुलीनं दाखवलेलं तुम्हाला सोसलं नाही, एवढंच ना? तसं सरळ लिहा. थंडी, कर, भैरोबा ही कारणं मला नकोत. उत्तर लेखी हवं, येत्या किंक्रांतीला सकाळी सात वीसच्या आत.

तुम्ही आता नाही, हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मलाही कळतं. म्हणून एक सांगून टाकते. त्या करीला दुपारी ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला आणि तुम्ही मिस्त्रींना शिव्या घालून कायमचं हाकललंत. तो शेंदूर नव्हता. गडी विहिरीवर भाकरी खायला बसले तेव्हा तिळगुळाचा लाडू चुरून मीच त्या भोकात अंगठ्यानं दाबला होता. मिस्त्री हत्यारांची पिशवी उचलून माझ्यासमोरून गेले, "येतो, ताई," म्हणाले, आणि मी तोंड उघडलं नाही. त्यांना लिहायचं पत्र मी अजून सुरूसुद्धा केलेलं नाही.