महिपत घाग कोणतं पुस्तक वाचतो?

१८ जानेवारी १९८८, सोमवार
बँकेत हेड ऑफिसचं सर्क्युलर आलं. आपल्या रत्नागिरी शाखेत कॉम्प्युटर बसणार. तो टेलिफोनच्या तारेने कोल्हापूरच्या ऑफिसला जोडणार. या जोडाजोडीला नेटवर्क म्हणतात. त्याची सर्टिफिकेट परीक्षा एप्रिलमध्ये, कोल्हापुरात. पास होईल तो कॉम्प्युटरच्या खोलीत बसणार. खोलीला एसी.
मॅनेजरसाहेबांनी विचारलं, कोण बसतंय परीक्षेला? मी सीनियर, म्हणून घाई न करता चष्मा पुसत होतो. तेवढ्यात सेव्हिंग्जच्या काउंटरवरच्या महिपत घागाने हात वर केला. नोकरीत माझ्यापेक्षा लहान, डोक्यावर केस जास्त. मग मीही हात वर केला. त्याच्यापेक्षा उंच.
संकल्प : उद्यापासून पहाटे अभ्यास.

१९ जानेवारी, पहाटे
उठलो. अभ्यास कशाचा करणार? पुस्तकच नाही. आधी निवड नीट झाली पाहिजे. पाया महत्त्वाचा. परत झोपतो.

२२ जानेवारी
महिपतकडे पुस्तक आलंसुद्धा! त्याचा भाऊ मुंबईत गोदीत आहे, त्याने पाठवलं. निळं, जाड, इंग्रजी. डबा खाताना उघडून बसतो. मी सहज विचारलं, काय, कादंबरी का? म्हणाला, "नाय हो शितपभाऊ, नेटवर्कचं आहे. रोज बसूया का दोघं मिळून?"
म्हणजे उद्या मी पास झालो की हा गावभर सांगणार, भाऊंना मीच शिकवलं. म्हटलं, माझी पद्धत वेगळी आहे.
पद्धत ठरवायची आहे.

६ फेब्रुवारी
रामआळीतल्या पुस्तकाच्या दुकानात गेलो. मालकाने नेटवर्क शब्द दोनदा म्हणायला लावला, मग दहावीचं गाइड पुढे केलं. शेवटी पुण्याहून मागवतो म्हणाला. दोन मागवली. महिपतकडे एकच आहे.

१८ फेब्रुवारी
पार्सल आलं. एका पुस्तकाच्या नावात नेटवर्क आहे, पण आत सगळी वीज. दुसऱ्यात कॉम्प्युटर आहे, पण नेटवर्क नाही. दोन्ही मिळून विषय पूर्ण होतो. खाकी कव्हरं घातली, लेबलं चिकटवली, त्यावर आत्माराम शितप असं नाव घातलं. संध्याकाळ अभ्यासात गेली.
बायको तुळसा म्हणाली, महिपतभावोजी रोज रात्री जेवल्यावर वाचत बसतात म्हणे, त्यांची कमळा सांगत होती. कमळाला हे सांगायची काय गरज?

२८ फेब्रुवारी, रविवार
मत्स्य कॉलेजात ओळखीचे एक क्लार्क आहेत. नेटबद्दल इंग्रजी पुस्तक पाहिजे म्हणून निरोप दिला होता, त्यांनी लायब्ररीतून आणलं. आज एकाग्रतेने वाचलं. मेश नावाचा प्रकार, गाठी कशा बांधाव्यात, पाण्यात किती टिकतं. पाण्याचा मुद्दा कोकणाच्या दृष्टीने योग्यच वाटला. पुढे बांगड्याचं चित्र आलं तेव्हा शंका आली.
जाळ्यांचं पुस्तक निघालं. तुळसा हसून हसून खाली बसली.

२९ फेब्रुवारी
तिने कमळाला सांगितलं. कमळाने महिपतला. आज बँकेत सगळे हसले, महिपत तेवढा हसला नाही. न हसण्यातही केवढा गर्व!

७ मार्च
महिपतचं पुस्तक दोन दिवसांसाठी मागितलं. त्याने लगेच दिलं. हेतू शुद्ध आहे : माझ्या पुस्तकांशी तुलना. एका पुस्तकावर विसंबणारा माणूस उथळ असतो. घरी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किमती वस्तू.

१७ मार्च
पुस्तक अजून माझ्याकडेच. तुलना चालू आहे. महिपत परत मागत नाही. आज मीच विचारलं, तुझी अडचण नाही ना होत? म्हणाला, "ठेवा हो भाऊ. माझं दोनदा वाचून झालंय."
जेवण गेलं नाही.

२ एप्रिल
अखेर महिपतचं पुस्तक उघडलं. नेटवर्कचे तीन प्रकार : रिंग, स्टार, बस. स्टारमध्ये मधोमध एक मुख्य आणि बाकीचे सगळे त्याच्यावर अवलंबून. हा मला चटकन समजला. समासात महिपतने पेन्सिलीने बारीक टिपा लिहिल्यात. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. पुस्तक मिटलं.
साडूंनीही मुंबईहून एक पुस्तक पाठवलंय. पाच पुस्तकं समोर मांडून बसलो होतो तर तुळसा म्हणते, "वाचताय की त्यांची लग्नं जमवताय?"

९ एप्रिल, कोल्हापूर, लॉज
बँक सुटल्यावर एस.टी. धरली. शेजारी कोण? महिपत. तो खुशाल डुलक्या घेत होता. मी आंबा घाटात वाचन सुरू केलं. तिसऱ्या वळणाला उलटी झाली. त्याने खिडकी दिली, पुस्तकांची पिशवी धरली, डब्यातून काढून आमसूल चोखायला दिलं. फार आंबट होतं. मुद्दाम दिलं असणार.
घाट संपेपर्यंत पाठीवर हात फिरवत होता. मागची बाई म्हणाली, भाऊ किती करतो बघा. मला ते आवडलं नाही. थोडं आवडलं. हे वाक्य खोडायचं आहे.

१० एप्रिल
पेपर झाला. प्रश्न : लहान शाखेसाठी कोणतं नेटवर्क योग्य आणि का? यावर माझ्या पुस्तकांत एकमत नाही. मी प्रत्येकाची बाजू न्यायाने मांडली. निर्णय लिहिणार इतक्यात घंटा झाली.
महिपत आधीच बाहेर येऊन चहा पीत होता. माझ्यासाठीही सांगून ठेवला होता. म्हणाला, "दोन प्रश्न जड गेले." मी म्हटलं, मला एकही नाही.
तो नापास. परतीच्या प्रवासात छान झोप लागली.

२० जून
निकाल. महिपत पास. माझ्या बाबतीत अतिअभ्यास नडला.
त्याने पेढे वाटले. कोरडे होते. तीन खाल्ले. रात्री तुळसा म्हणाली, त्यांचं अभिनंदन तरी केलंत का? म्हटलं, गर्दी होती. तशी नव्हती. तो माझ्या टेबलाशी बराच वेळ उभा होता.

२२ ऑगस्ट, सोमवार
कॉम्प्युटर आला. खोलीला पडदे, गालिचा, एसी. धूळ अजिबात चालत नाही आणि बाहेर तर सगळा तांबडा चिखल. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, शितप, तिथे एक जबाबदार, सीनियर माणूस पाहिजे. माझं टेबल त्या दाराबाहेर हलवलं. चपला काढल्याशिवाय कोणी आत जाता कामा नये, हे मी बघायचं. काढलेल्या चपला ओळीत आहेत की नाहीत, तेही.
घरी सांगितलं, कॉम्प्युटर खात्यात नेमणूक झाली. तुळसा म्हणाली, "काम काय?" म्हटलं, सुरक्षा. तिने पोळीवर तूप जास्त घातलं.
दार उघडलं की पायांना गार लागतं. आत जाणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या टेबलासमोर वाकतो. मॅनेजरसाहेबसुद्धा. महिपत बूट घालतो, नाडीचे. तो सगळ्यात जास्त वेळ वाकतो.